अक्षर शिकवायचं कसं? वय साडेपाच, आणि वही काढली की रडारड

सायली_लिहितेय:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस विचारू की नको करत होते, आज विचारतेच. लेक साडेपाच वर्षांची आहे. बोलण्यात पटाईत, गोष्टी रचून सांगते, चित्रंही काढते, पण लिहायची वही पुढ्यात आली की तोंड उतरतं. पेन्सिल इतकी आवळून धरते की बोटांची पेरं पांढरी पडतात, आणि दाब एवढा की पान उलटलं तर मागच्या बाजूने अक्षर हाताला लागतं. दोन ओळी झाल्या की "आई हात दुखतो" सुरू. शाळेतून रोज एका अक्षराचं पानभर लिखाण येतं, पहिली ओळ बरी असते आणि शेवटच्या ओळीपर्यंत अक्षर पार लोळायला लागतं.

सुरुवातीला मी तिचा हात हातात धरून गिरवून घेतलं. आता झालंय असं की मी हात धरल्याशिवाय ती लिहायला बसतच नाही. त्यात ३ आणि ६ ची अदलाबदल, कधी तर पूर्ण नाव आरशात बघितल्यासारखं उलटं.

तर हात धरून गिरवून घेणं बरोबर की चूक, पेन्सिलची पकड सुधारायची कशी, आणि पानभर लिहिल्याने खरंच अक्षराला वळण लागतं का? का मीच घाई करतेय? लहानसहान अनुभव असेल तरी सांगा.

कावळ्याची_चिमणी:
आमच्याकडे डिट्टो हेच. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

बालवर्गाच्या_बाई:
सायली, आधी एक विचारते, शाळेने सुरुवात कुठल्या अक्षराने केलीय? अ पासून असेल तर निम्मं उत्तर तिथेच आहे. अ आ इ ई हा क्रम उच्चाराचा आहे, हाताचा नाही. अ लिहायला दोन अर्धगोल एकाखाली एक, मग मधली आडवी रेघ, मग काना, मग वरची शिरोरेघ, एवढं सगळं लागतं, आणि ते आपण पोराला पहिल्याच दिवशी करायला लावतो.

मी बालवर्गाला अठरा वर्षं शिकवलं. आम्ही आधी नुसत्या रेघा घ्यायचो, उभ्या, आडव्या, मग तिरक्या, मग अर्धगोल, मग पूर्ण गोल आणि सगळ्यात शेवटी गाठ. त्यानंतर अक्षरं, तीही घराण्याघराण्याने. ग म भ न एकत्र, कारण उभी दांडी सगळ्यांत आहे. व जमला की त्याच्या पोटात रेघ मारली की ब, उजवीकडे शेपूट दिलं की क. प ला तिरकी रेघ दिली की ष, उजवीकडे वळवला की फ. ट, ठ, ढ एका घरातले. ड आला की इ आणि ई फार लांब नाहीत. मुलांना हे कळतं तेव्हा त्यांचा चेहरा बघायचा असतो, एक अक्षर शिकलो आणि दोन बक्षीस मिळाली असं होतं त्यांना.

आणि पानभर लिखाणाबद्दल, माझा अनुभव असा की चौथ्या पाचव्या वेळेला मूल सगळ्यात छान अक्षर काढतं आणि मग घसरण. पुढच्या ओळींत ते वरच्या नमुन्याकडे बघतच नाही, स्वतःच्याच शेवटच्या अक्षराची नक्कल करतं, म्हणजे चूक असेल तर पानभर चूक पक्की होते. पाच अक्षरं काढायची आणि त्यातलं सगळ्यात आवडलेलं तिनेच गोल करून दाखवायचं. बास.

नाना७१:
बाईंबद्दल आदर ठेवून लिहितो. आम्हाला हात धरूनच शिकवलं, पाटीवर कित्ता घालून दिला जायचा आणि तो शंभरदा गिरवायचा. रडलो तरी गिरवायचा. आज सत्तरी उलटली तरी माझं अक्षर बघून लोक पत्र ठेवून देतात. हल्ली मुलाने हात दुखतो म्हटलं की वही मिटायची. हात दुखल्याशिवाय हात वळत नाही हे माझं स्पष्ट मत.

मीठभाकरे_नाही_मी:
नाना, पण तुमच्या वर्गातल्या बाकीच्या मुलांची अक्षरं कशी होती? आपण ज्यांचं चांगलं झालं त्यांचीच उदाहरणं देतो नेहमी. माझे वडील त्याच पद्धतीने शिकले आणि त्यांनी लिहिलेली यादी घेऊन गेलो की मी प्रत्येक वेळी फोन करून विचारायचो की हे तिसरं काय आहे.

हातांचा_अभ्यास:
मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे लिहिणं, जेवणं अशी रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणारी, लहान मुलांसोबत काम करते, त्यामुळे जरा लांबण लावणार आहे, आधीच माफी मागते.

नाना, हात दुखणं हा नेहमी आळसाचा बहाणा नसतो. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्माला येताना ती बहुतेक कूर्चाच असतात आणि एकेक करत वर्षानुवर्षं हाड बनत जातात, शेवटचं तर साधारण नऊ ते बारा वर्षांच्या दरम्यान. शिवाय तळहातातले छोटे स्नायू, खांदा, पाठ, हे सगळं अजून तयार होत असतं. खांदा डगमगता असेल तर मूल स्थिरता कुठून तरी आणणारच, मग ते पेन्सिल आवळतं. म्हणजे सायलीताईंच्या लेकीची पांढरी पेरं हा बोटांचा प्रॉब्लेम असेलच असं नाही, तो खांद्याचा, बसण्याचा पण असू शकतो. पाय लोंबकळतायत का बघा. पाय टेकलेले हवेत, नसतील टेकत तर खाली खोकं ठेवा, टेबल कोपराच्या उंचीच्या आसपास हवं. फक्त एवढ्याने फरक पडलेली मुलं मी पाहिलीयत.

दुसरं, आकार बघून काढण्याचा एक ढोबळ क्रम असतो. तीनच्या आसपास गोल जमतो, चारच्या सुमारास अधिकचं चिन्ह, मग चौकोन, पाचनंतर त्रिकोण, आणि पतंगासारखा चौकोन साधारण सातला. तिरकी रेघ उशिरा येते हे लक्षात घ्या. त्रिकोण जमत नसलेल्या मुलाकडून ष किंवा झ ची अपेक्षा करणं म्हणजे चालता न येणाऱ्याला लंगडी घालायला सांगणं आहे. तिला न सांगता हे आकार काढून बघायला द्या, तुम्हालाच कळेल ती कुठे आहे.

पकडीबद्दल: अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत पेन्सिल आणि खाली मधल्या बोटाचा आधार, ही आदर्श म्हणून शिकवतात. पण पेन्सिलवर चार बोटं असलेली पकड किंवा अंगठा आडवा टाकलेली पकडही चालते. २०१२ मध्ये चौथीच्या मुलांवरचा एक अभ्यास आला होता, त्यात अशा चार पकडींमध्ये वेगात आणि सुवाच्यतेत फरक सापडला नाही. त्यामुळे दुखत नसेल तर पकडीवरून भांडू नका. दुखत असेल तर मात्र हे करून बघा:
खडूचे, क्रेयॉनचे मुद्दाम छोटे तुकडे द्या, बोटभर लांबीचे. तुकडा मुठीत धरताच येत नाही, चिमटीतच धरावा लागतो. करंगळी आणि अनामिकेखाली कापसाचा छोटा बोळा धरायला सांगा, ती दोन बोटं गुंतली की बाकीची तीन मोकळी काम करतात. भिंतीवर कागद चिकटवून किंवा उभ्या फळ्यावर काढू द्या, त्याने मनगट आपोआप मागे झुकतं आणि खांद्याला काम मिळतं. दाब कमी करायला "भूत पेन्सिल आणि हत्ती पेन्सिल" खेळा, भूत अगदी फिकट रेघ काढतं, हत्ती गडद. हलकं धर हलकं धर असं सांगून मुलाला कळत नाही, दोन्ही करून बघितल्यावर कळतं. एचबीच्या जागी टूबी पेन्सिल द्या, कमी दाबात गडद उमटते.

सायली_लिहितेय:
बापरे, किती नेमकं लिहिलंत! पाय लोंबकळतात. मोठ्यांच्या खुर्चीवर बसवते मी. हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

कळफलकप्रेमी:
एक वेगळा मुद्दा मांडतो, रागावू नका. या मुलांना मोठं झाल्यावर हाताने लिहायचंय किती? सही आणि एखादा फॉर्म. बाकी सगळं टाइप किंवा बोलून. मग साडेपाचव्या वर्षी रडवून वळण लावण्यात काय हशील? तोच वेळ वाचनाला द्यावा. फिनलंडने तर शाळेत हस्ताक्षर बंदच केलं म्हणे.

हातांचा_अभ्यास:
बंद नाही केलं हो. २०१६ पासून तिथे जोडून लिहायचं अक्षर सक्तीचं राहिलं नाही. सुटं अक्षर हाताने लिहायला शिकवतातच, सोबत टायपिंग. आणि उलट उदाहरण हवं असेल तर कॅलिफोर्नियाने २०२४ पासून प्राथमिक शाळेत जोडून लिहायचं अक्षर शिकवणं पुन्हा कायद्याने आणलंय.

पण तुमचा मूळ प्रश्न चांगला आहे, कारण त्याचं उत्तर वाचनातच आहे. २०१२ चाच आणखी एक अभ्यास, अजून वाचता न येणारी पाच वर्षांची मुलं घेतली. त्यांनी काही अक्षरं बघून हाताने काढली, काही गिरवली, काही कीबोर्डवर दाबली. नंतर तीच अक्षरं दाखवून मेंदूचं स्कॅन केलं. वाचताना मेंदूचा जो भाग कामाला लागतो तो स्वतः काढलेल्या अक्षरांना जागा झाला, टाइप केलेल्यांना नाही, आणि गंमत म्हणजे गिरवलेल्यांनाही तसा नाही. अभ्यास छोटा होता, पण करणाऱ्यांचं म्हणणं असं की मूल स्वतः काढतं तेव्हा दर वेळी अक्षर वेगळं, वाकडंतिकडं येतं आणि त्यातूनच त्याला कळतं की ग ला ग कशामुळे म्हणायचं. गिरवताना सगळे ग सारखेच. म्हणजे तिचे वेडेवाकडे ग वाया जात नाहीयेत. सायलीताईंच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर पण यात आहे, गिरवणं सुरुवातीला दिशा कळण्यापुरतं, दोनतीनदा, मग बघून काढायचं, मग न बघता.

कळफलकप्रेमी:
हे माहीत नव्हतं. गिरवण्याचा भाग तर अजिबातच नाही. म्हणणं थोडं मागे घेतो, रडवण्याबद्दलचं सोडून.

वाळूतली_अक्षरं:
मॉन्टेसरीबाईंनी १९०७ मध्ये रोमला पहिलं बालगृह काढलं, तिथे हाच विचार होता की अक्षर कळणं आणि पेन्सिल चालवणं ही दोन वेगवेगळी कामं आहेत, ती वेगवेगळी शिकवा. खरखरीत कागदाची अक्षरं पाटीवर चिकटवलेली, ती दोन बोटांनी फिरवत तोंडाने आवाज काढायचा. आणि पेन्सिलसाठी धातूचे साचे, त्यात नुसते आकार आणि रेघा भरायच्या. दोन्ही आपापलं पिकलं की मूल एक दिवस आपणहून लिहायला लागतं.
मी घरी खरखरीत कागदाची अक्षरं कापली होती, एका दुपारचं काम. मुलगा डोळे मिटून बोटाने ओळखायचा, आणि मी ओळखताना चुकले की टाळ्या पिटायचा.

डावीकडून_चौथा:
इथे डावखुऱ्यांबद्दल कुणी बोललंच नाही. दहात एखादं मूल तरी डावखुरं असतंच. मी आहे, मुलगीही आहे. आपली लिपी डावीकडून उजवीकडे, त्यामुळे आपला हात आपणच लिहिलेल्यावरून फिरतो आणि तळहाताची कड काळी. उजव्या हाताचे लोक पेन्सिल ओढतात, आम्ही ढकलतो, म्हणून टोक कागदात रुततं. शिरोरेघ आम्ही उजवीकडून डावीकडे ओढली तर सरळ येते, आणि नेमकी त्यावरूनच मला बोलणी बसायची. एका शिक्षकांनी तर उजव्या हाताने लिहायला लावलं वर्षभर, त्या वर्षीचं मला लिहिण्याबद्दल काहीच चांगलं आठवत नाही.

मुलीसाठी केलेलं सांगतो. वही छातीच्या मध्यापासून जरा डावीकडे, आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने तिरकी. पेन्सिल टोकापासून थोडी वर धरायची म्हणजे लिहिलेलं दिसतं. मनगट ओळीच्या खाली, वरून वाकवून नाही. दिवा उजवीकडून. आणि बाकावर डाव्या टोकाला बसायचं म्हणजे शेजारच्याच्या कोपराशी मारामारी नाही. मुलीचं अक्षर आज माझ्यापेक्षा कितीतरी मोकळं आहे.

बालवर्गाच्या_बाई:
डावीकडून_चौथा, शिरोरेघेचं अगदी बरोबर. मी पण सुरुवातीच्या वर्षांत मुलांना त्यावरून टोकलंय, नंतर एका मुलाच्या आईने समजावलं. रेघ सरळ आली म्हणजे झालं. फक्त भ आणि ध ची रेघ तुटक असते हे शिकवायचं, नाहीतर भ चा म आणि ध चा घ झालाच.

बोरू_आणि_टाक:
अवांतर: शिरोरेघ आधी की नंतर यावर लोक जोरात भांडतात म्हणून सांगतो. मोडीत आधी पानभर आडव्या रेघा आखून घ्यायचे आणि अक्षरं त्यांना खालून टांगायचे, हात न उचलता. बालबोधीत, म्हणजे आपल्या नेहमीच्या देवनागरीत, आधी अक्षर, मग रेघ. लहान मुलांना शब्द पूर्ण झाल्यावर एकदाच रेघ द्यायला शिकवलं की दोन शब्दांतलं अंतरही आपोआप कळतं, जिथे रेघ तुटली तिथे शब्द संपला. माझ्या मते शिरोरेघेचा हा सगळ्यात मोठा उपयोग.

अतिअवांतर: मोबाईलवर दांडीचा ल आणि गाठीचा श दिसतो, आणि मराठी पुस्तकात पाकळीचा ल, देठाचा श. २००९ च्या शासन निर्णयातही मराठीसाठी पाकळीचा आणि देठाचाच सांगितलाय. मुलं दोन्ही बघतात आणि गोंधळतात. तुम्ही घरी एक ठरवा आणि तोच लिहा.

कावळ्याची_चिमणी:
म्हणजे माझा मुलगा ल दोन पद्धतीने लिहितो त्यात त्याची चूक नाही! आज त्याची माफी मागणार.

नाना७१:
मोडी निघाली म्हणून आलो परत. वर काय लिहिलं होतं ते पुन्हा वाचलं. पाटीबद्दल एक गोष्ट मला आता सुचतेय. पाटीवर पेन्सिल खरखरते, हाताला कळतं की आपण कुठे आहोत. अक्षर मोठं काढायला जागा असते. आणि चुकलं की पुसलं, कुणाला दिसत नाही. वहीत चूक तशीच राहते, वर लाल गोल. कदाचित माझं अक्षर शंभरदा गिरवून नाही, पाटीमुळे वळलं असेल. सांगता येत नाही.

हातांचा_अभ्यास:
नाना, आमच्या क्लिनिकमध्ये पाटी आहे. तीच कारणं, जी तुम्ही लिहिलीत.

निशब्द_बाबा:
उशिरा येतोय धाग्यावर. मला एकच सांगायचंय, बाकी सगळं छान चाललंय तुमचं.

माझा मुलगा आठ वर्षांचा होईपर्यंत आम्ही त्याला आळशी समजत होतो. तोंडी विचारा, पूर्ण धडा सांगेल. लिहायला सांगा, दीड ओळ, तीही वाचता येणार नाही अशी, अक्षर कुठे वर कुठे खाली, शब्दांत अंतर नाही. शाळेतून सतत तक्रार. मी त्याला एका सुट्टीत रोज दोन तास बसवून लिहून घेतलं. तो बोलायचाच बंद झाला माझ्याशी. नंतर तपासणी केली तेव्हा कळलं की त्याला डिसग्राफिया आहे, म्हणजे लिहिण्यातलीच अडचण. तो मेहनत करत नव्हता असं नाही, इतरांपेक्षा दुप्पट करत होता. आता थेरपी चालू आहे, परीक्षेत जादा वेळ मिळतो, मोठी उत्तरं टाइप करतो. त्या सुट्टीबद्दल मी त्याला सॉरी म्हटलंय, तो म्हणाला ठीक आहे बाबा, पण मला ते ठीक वाटत नाही अजून.

साडेपाचला कुणी घाबरू नका. पण सातआठनंतर बोलणं आणि लिहिणं यात एवढी मोठी दरी दिसली, किंवा हात रोज दुखत असेल, तर दाखवून घ्या. वाट बघू नका.

सायली_लिहितेय:
निशब्द_बाबा, हे इथे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. मी कालच लेकीवर ओरडले होते.

बालवर्गाच्या_बाई:
आणि सायली, उलट्या अक्षरांची काळजी आत्ता करू नकोस, सातपर्यंत खूप मुलं असं लिहितात, फक्त तेवढ्यावरून डिस्लेक्सिया वगैरे काही ठरत नाही. खुर्चीचं तोंड डावीकडे असो की उजवीकडे, ती खुर्चीच. आपल्या डोळ्यांना जन्मापासून तीच सवय. मग अचानक कुणी येऊन सांगतं की इकडे तोंड केलं तर ३ आणि तिकडे केलं तर ६! पोराने गोंधळायचं नाही तर काय करायचं. चुकलं म्हणू नकोस, "याचं पोट कुठल्या बाजूला उघडं आहे?" एवढंच विचार.

पेन्सिलचोर:
इथल्या सगळ्या टिपांची प्रिंट काढून फ्रिजवर लावलीय. माझा मुलगा विचारतोय हे कुणी लिहिलं, अक्षर फार छान आहे म्हणे.

सायली_लिहितेय:
(सात आठवड्यांनी)
धागा वर काढतेय कारण तुम्हाला सांगायचंच होतं. पायाखाली खोकं आलं. स्टडी टेबलवरची वही पंधरा दिवस बंदच ठेवली, शाळेत जाऊन बाईंशी बोलले, मला वाटलं होतं त्यापेक्षा त्यांनी सहज ऐकलं, पानाऐवजी एक ओळ चालेल म्हणाल्या. त्रिकोण काढायला दिला तर तिरक्या रेघांना अडली, मग आम्ही पतंग, छप्पर, डोंगर असलं बरंच काढलं भिंतीवरच्या कागदावर. खडूचे तुकडे तिनेच आनंदाने मोडले. भूत पेन्सिल प्रचंड हिट आहे. पेरं अजून पांढरी होतात पण ओळभर लिहून झाल्यावर, पहिल्या अक्षरालाच नाही. ३ अजून उलटा येतो, पण आता स्वतःच थांबून बघते आणि "अगं हे तिकडे तोंड करून बसलंय" म्हणते.

आणि परवा तिच्या खोलीच्या दारावर कागद चिकटवलेला दिसला. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी हात धरला नव्हता. "आत येउ नये मी लीहीत आहे". शिरोरेघ एकच, इकडून तिकडे सलग, सगळ्या शब्दांवरून.

बोरू_आणि_टाक:
सलग शिरोरेघ! पोरगी मोडी लिहितेय!

नाना७१:
फार बरं वाटलं वाचून. कागद जपून ठेवा. आणि लीहीत मधला ही बरोबर आहे, पण त्या ली ला दीर्घ नको, ये नंतरचा ऊ दीर्घ हवा, तेवढं सांगा तिला.

बालवर्गाच्या_बाई:
नाना, आत्ता नका सांगायला लावू! तो कागद दारावरून उतरेपर्यंत तरी थांबा.

नाना७१:
बरं. थांबतो.

कावळ्याची_चिमणी:
पहिली वेलांटी शिकवायची कशी ते पण सांगा ना कुणीतरी. आमचा मुलगा "कि" मध्ये आधी क काढतो, मग जागा शोधत मागे येतो, कारण ऐकू आधी क येतो आणि काढायची मात्र वेलांटी आधी.

बालवर्गाच्या_बाई:
त्याला क काढू दे आधी, डावीकडे एक बोट जागा सोडून. मग वेलांटी. हाताला जमलं की क्रम नंतर बदलतो. रफाराचं मात्र वेगळं आहे, त्यासाठी नवीन धागा काढ, मी येते तिथे.